तिसरा अध्याय, सातवा अध्याय

काठाईच्या पोथीत अकरा अध्याय आहेत. त्या अकराही अध्यायांवर श्रद्धा असणारा मनुष्य आडघाट गावात मला एकोणीस वर्षांत भेटला नाही. दहा अध्यायांवर श्रद्धा असणारे मात्र घरोघर होते.

आडघाट हे गाव कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर, कृष्णेच्या काठाला आहे. काठाईचे देऊळ घाटाच्या माथ्यावर. देवीचा मान दोन घराण्यांकडे. एक नांगराचे घर, म्हणजे पाटील. ऊसवाले आणि पिढीत दोघे-तिघे तरी सैन्यात असणारे. दुसरे होडीचे घर, म्हणजे कोळी. पूल झाल्यापासून होडी राहिली नाही, पण घराचे नाव राहिले आहे. पोथीच्या तिसऱ्या अध्यायात देवी एका चैत्री पौर्णिमेच्या पहाटे नांगराच्या तासात प्रकट होते आणि सांगते :

*मी मातीची लेक । नांगराची टेक ।*
*अन्य हात एक । न शिवो मज ॥*
*अन्य जो शिवे । तयाघरचे दिवे । मालवती ॥*

सातव्या अध्यायात तीच देवी, त्याच पौर्णिमेला, त्याच पहाटे, नावाड्याच्या बायकोने पाण्यात बुडविलेल्या घागरीत येते आणि सांगते :

*मी पाण्याची लेक । होडीची मी टेक ।*
*अन्य हात एक । न धुवो मुख ॥*
*अन्य जो धुवे । तयाचे शेती नव्हे । थेंब पाणी ॥*

दोन्ही ओव्यांचा कर्ता एकच असावा, हे ज्याला थोडेफार कान आहेत त्याला ऐकताच कळेल. त्या अनाम पुरुषाने हे जाणून-बुजून लिहिले. का लिहिले हे विचारण्याची नम्रता गावाजवळ नव्हती. पण गावाने त्यावर उपाय मात्र मोठा नामी शोधला होता. चैत्राच्या सप्ताहात तिसरा अध्याय लागला की कोळ्यांची घरे हात जोडून उठत आणि घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसत. सातवा लागला की पाटील उठत आणि पाराखाली जात. तेथे त्यांच्यासाठी चहा तयार असे. अध्याय संपल्यावर घंटा वाजे, मंडळी परत येत आणि आठव्याला मनोभावे डोलत. याला गावात 'कान राखणे' म्हणत. पौर्णिमेला देवीचा पितळी मुखवटा पालखीतून नदीवर नेत, तेव्हाही पालखी टेकताच पाटील नदीकडे पाठ करून उभे राहत, आणि त्या अवधीत होडीच्या घरची बाई मुखवटा धुऊन परत ठेवी. पाहिले नाही म्हणजे झाले नाही. पिढ्यान् पिढ्या भांडण नाही, फिर्याद नाही, आणि विचारही नाही.

वाचनानंतरचे निरूपण माझ्याकडे असे. त्या दोन दिवशी मी नामाच्या सामर्थ्यावर बोलत असे. नामाचे सामर्थ्य हा विषय कोणत्याही दिवशी चालतो.

या वर्षी शंभूराज पाटलांचे चिरंजीव राजवर्धन यांनी देवळाला ध्वनिक्षेपक दिला. चिरंजीव पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहेत. त्यांनी चार कर्णे आणले. एक शिखराला, एक वेशीत, एक घाटावर आणि एक पारावरच्या पिंपळाला. पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः 'हॅलो, हॅलो' म्हणून चारही कर्ण्यांची परीक्षा घेतली. विश्वस्त मंडळाने टाळ्या वाजविल्या. ज्या गावाचे सगळे धर्मकारण न ऐकण्यावर उभे आहे, त्या गावाने आपल्या दोन्ही विसाव्याच्या जागी कर्णे टांगले, आणि ही गोष्ट एकाही डोक्यात शिरली नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरा अध्याय लागला. कोळ्यांची घरे उठली, पायऱ्यांवर जाऊन बसली. घाटावरचा कर्णा खणखणीत होता. घंटा झाली तेव्हा सारे परत आले. मुखवटा धुण्याचा मान जिच्याकडे आहे ती लीलाबाई मात्र आली नाही. ती साठीची आहे. सासू गेल्यापासून एकतीस वर्षे तिने मुखवटा धुतला. ती का आली नाही हे कोणी विचारले नाही. होडीच्या घराने काय ऐकले, ही आडघाटात बातमी होऊ शकत नाही.

पाचव्या दिवशी सातवा लागला आणि पाटील पाराखाली गेले.

तिसऱ्या ओवीलाच शंभूराज पाटील, हातात बशी तशीच, सभामंडपात परत आले. त्यांच्यामागे त्यांचे चुलते, निवृत्त सुभेदार सयाजी.

"आकाराम, थांब! थांब म्हंतो ना! काय वाचतोयस हे?"

आकाराम गुरव चाळीस वर्षे पोथी वाचतो. त्याने ओवीवर बोट ठेवले आणि मान वर केली. "पोथी वाचतोय, आबा."

"कुठली पोथी?"

"हीच की. दुसरी कुठं हाय आपल्याकडं?"

"मंग ह्ये आमाला कसं म्हाईत न्हाई?"

"तुमी च्याला जाता न्हवं."

कोळ्यांच्या बाजूने कोणीतरी फिसकन हसले. सुभेदारांनी तिकडे असे पाहिले, की जणू ती सीमेवरची हालचाल होती.

"तू तर ऐकतोस न्हवं दोनी अध्याय?" पाटील म्हणाले. "दर साली? आनि कवा बोलला न्हाईस?"

"आबा, वाचणारा ऐकत न्हाई," आकाराम म्हणाला. "ऐकाय लागला तर वाचायचं कवा?"

घंटा न वाजताच सभा भरली. देवाचे वाचन अर्धे टाकून भक्तांची सभा भरते, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पहिला निष्कर्ष तेथल्या तेथे निघाला : सातवा अध्याय कोळ्यांनी मागाहून घुसविलेला आहे. आकारामने पोथी उलटून दाखविली; कागद एक, शाई एक, अक्षर एक. तेव्हा पाटील म्हणाले, की ज्याचे अक्षर तोच लबाड असणार. मग तिसराही त्याच लबाडाचा, असे मी म्हणताच ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमी मधी बोलू नगा. तिसरा आमच्या आज्याला तोंडपाठ हुता."

सुभेदारांनी घसा साफ केला. "हितं तंटा करायचं कामच न्हाई. फौजेत कसं असतं? दोन ऑर्डरी आल्या आनि एकीचा दुसरीशी मेळ बसंना, तर शेवटची ऑर्डर लागू. आदीची रद्द. झालं!"

सभा माना डोलवू लागली. नंतर हळूहळू एकेक मान थांबली.

"काका," पाटील म्हणाले, "तीन आदी असतो का सात?"

सुभेदारांनी बोटे मोजली नाहीत, पण ओठ हलले. "...मंग सिनियरची ऑर्डर लागू," ते म्हणाले.

"दोनी ऑर्डरी येकाच सायबाच्या हायत, सुभेदार," आकाराम म्हणाला.

"तू गप बस रं! तुला कुनी इचारलं?"

"न्हाई, कुनी इचारलं न्हाई. पर आता निघालंच हाय तर म्हंतो. 'अन्य हात न शिवो' म्हनतोय तिसरा, आनि सातवाबी तेच म्हनतोय. रोज सकाळी देवीचं त्वांड चिंचंनं घासतो कोन? मी. मी नांगराचाबी न्हवं आनि होडीचाबी न्हवं."

मला वाटले, आता तरी या मंडळींच्या बुद्धीला पान्हा फुटेल. पण श्रद्धावंताची बुद्धी अशा वेळी फार चपळ होते. "गुरवाचा हात हात धरत न्हाईत," पाटील म्हणाले. कोळ्यांच्या बाजूनेही लगेच होकार आला, "व्हय व्हय, ती सेवा हाय." त्या दिवशी दोन्ही घराण्यांचे एकमत झाले ते एवढ्याच मुद्द्यावर.

मी काय म्हणालो तेही लिहून ठेवतो. एकाच ग्रंथातली दोन वचने सारख्या बळाची असतील तर पूर्वीचे लोक कोणतेही कापीत नसत; दोन्ही ठेवीत, आणि एका वेळी एकाप्रमाणे वागत. याला विकल्प म्हणतात. शास्त्राला विकल्प आवडत नाही, निरुपाय झाला तरच तो पत्करावा असे सांगितले आहे, पण वचन मोडण्यापेक्षा तो बरा.

"म्हंजे तोंड धुनार कोन?" पाटलांनी विचारले.

"आजवर जिने धुतले ती."

"मंग तुमच्या शास्त्राचा उपेग काय झाला, बुवा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवर्धन गाडी घेऊन सांगलीला गेले आणि दहाच्या सुमारास निवृत्त प्राध्यापक गोपाळकृष्ण यांना घेऊन आले. पोथ्यांमधले विरोध मिटवून देण्यात त्यांची मोठी ख्याती आहे. चित्रे दाखविण्यासाठी पडदा लावला गेला. प्राध्यापकांनी आधी देवीला नमस्कार केला, मग पोथीला, मग राजवर्धनांच्या भ्रमणध्वनीला, कारण तो चित्रण करीत होता.

"विरोध हा आभास असतो," ते म्हणाले. "पाहणाऱ्याची दृष्टी अपुरी असते." येथवर मीही हात जोडले असते. पुढे त्यांनी सांगितले, की तिसऱ्या अध्यायाचा प्रसंग एका युगातला आहे आणि सातव्याचा दुसऱ्या. नंतर सांगितले, की प्रसंग मुळी घडलेलेच नाहीत. माती म्हणजे देह, पाणी म्हणजे मन. आणि शेवटी सांगितले, की देवी आधी नांगराला लागली, मग महापुरात वाहत नावाडिणीकडे गेली, तिने ती ठेव म्हणून सांभाळली आणि मालकाला परत दिली. सबब तिचा अधिकार त्याच दिवशी संपला. एका विरोधाला त्यांनी तीन उत्तरे दिली, आणि ती तिन्ही परस्परांच्या विरुद्ध होती. पोथीत दोन अध्यायांचा मेळ बसत नाही म्हणून ज्यांना रात्रभर झोप आली नव्हती, त्यांना हे तिन्ही एकदम पटले.

"महापूर कोणत्या अध्यायात आहे?" मी विचारले.

"शास्त्रीजी, तो अध्याहृत आहे," प्राध्यापक प्रेमाने म्हणाले. म्हणजे लिहिलेला नाही, पण धरून चालायचा.

"वा!" सुभेदार म्हणाले. "ह्येला म्हंत्यात इद्वान. कालपास्नं आपले शास्त्रीबुवा नुसतं ह्येबी खरं आनि त्येबी खरं करत बसल्यात."

ठराव झाला. मुखवटा यंदापासून नांगराच्या घराने धुवावा. शंभूराज पाटलांनी स्वतः पाण्यात उतरावे. लीलाबाईचा चोळी-पातळ देऊन सत्कार करावा. लीलाबाईला विचारावे असे कोणी सुचविले नाही, आणि सत्कार म्हटल्यावर विचारायचे ते काय?

त्या दुपारी मी देवळाच्या ओवरीत पोथीचे रुमाल घडी करीत बसलो होतो. लीलाबाई आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. तिची बाजू न्यायाची आहे, म्हणून ती न्यायी असेल, अशी माझी समजूत नव्हती. तिसरा अध्याय नांगरवाल्यांनी सावकारी अकलेने घुसविला, असे तीही आजवर बिनदिक्कत सांगत आली होती. त्या दिवशी मात्र ती तसे काही बोलली नाही.

"शास्त्रीबुवा, ठरावाचं सांगाय आला न्हाई कुनी, पर कळलं मला. त्येच्यासाठी आले न्हाई मी. एक इचारायचं हाय."

"विचारा."

"तिसऱ्यात म्हटलंय, घरचे दिवे मालवती. त्ये दिवे म्हंजे पनत्या का?"

प्राध्यापक असते तर त्यांनी तीन अर्थ सांगितले असते. "पणत्या नव्हेत," मी म्हणालो. "पोथीच्या भाषेत घरचा दिवा म्हणजे मुलगा."

तिने मान हलविली, जणू हिशेब जुळला. "माझा धनाजी चार वरसांमागं गेला. कावीळ हुती. मलकापुरात दवाखान्यात ठेवला हुता अकरा दिस. सव्वीस वरसांचा हुता. मी तवा एकच म्हनायची, आई काठाई, तुजं त्वांड मी धुतीया, माझ्या लेकराकडं बघ. आनि आता ह्या सप्त्यात त्या कर्न्यातनं ऐकलं." ती थांबली. "मला सासूनं कवा सांगितलं न्हाई. तिलाबी ठावं नसंल. आमी तवा पायरीवर असतो. म्हंजे मी माझ्याच हातानं..."

"नाही," मी म्हणालो. "तसे नाही."

"मंग कसं? पोथी खोटी?"

"पोथी खोटी नाही, बाई. पण पोथीतली सगळी वाक्ये एका जातीची नसतात. काही वाक्ये काय करावे ते सांगतात. काही नुसता धाक घालतात, माणसाने सांगितलेले ऐकावे म्हणून. आई लेकराला म्हणते, विहिरीकडे जाऊ नकोस, बागुलबुवा धरील. विहीर खरी असते. जाऊ नकोस हेही खरे. बागुलबुवा मात्र कोणाला धरीत नाही."

"म्हंजे शाप ह्यो बागुलबुवा."

"हो."

"तिसऱ्यातला."

"तिसऱ्यातला."

ती म्हणाली, "आनि सातव्यातला?"

आडघाटात एकोणीस वर्षांत पोथीविषयी मला अनेकांनी अनेक प्रश्न विचारले. प्रत्येकाला उत्तर आधीच ठाऊक असे आणि माझी फक्त मान हवी असे. ज्याच्या दोन्ही उत्तरांत विचारणाऱ्याचे नुकसान आहे असा प्रश्न हा पहिलाच. सातव्यातला शाप खरा म्हणावा, तर तिसऱ्यातलाही खरा. लिहिणारा हात एक, छंद एक. मग धनाजीचा मृत्यू या बाईच्या ओंजळीत येऊन पडतो. खोटा म्हणावा, तर उद्या पाटलांचा हात अडविणारे जगात काही उरत नाही. आपल्याला हवा तो शाप खरा आणि नको तो लाक्षणिक, हे सभेत सकाळी झाले होते. मला ते येत नव्हते असे नाही.

"सातव्यातलाही," मी म्हणालो.

"तसलाच?"

"तसलाच."

"म्हंजे उद्या पाटलानं धुतलं तर त्येच्या उसाला काय हुत न्हाई."

"काही होत नाही."

तिने पदराने तोंड पुसले. उठताना तिने उंबऱ्याचा आधार घेतला. "पोरगं माझ्या हातानं गेलं न्हाई. लय झालं मला येवढं. धू द्या त्यास्नी." दोन पावले गेली आणि वळली. "तुमी ह्ये पाटलाला सांगनार का?"

"मी होऊन सांगणार नाही. त्यांनी विचारले, तर शास्त्र सांगावे लागेल."

"मंग त्येनं इचारू नये," ती म्हणाली, "आनि काय."

पौर्णिमेला सकाळी पालखी घाटावर आली. पुढचा खांदा शंभूराज पाटलांचा होता. हलगी थांबली. यंदा कोणी पाठ फिरविली नाही. सगळे गाव तोंड करून उभे होते. लीलाबाई वरच्या पायरीवर, सत्काराचे पातळ घडीसकट काखेत घेऊन. ते तिला आधीच देऊन टाकले होते, म्हणजे नंतर वेळ मोडायला नको. प्राध्यापक छत्रीखाली. राजवर्धनांचा भ्रमणध्वनी उंच धरलेला.

पाटलांनी मुखवटा घेतला आणि ते पाण्यात उतरले. घोट्याइतके, मग पोटरीइतके, मग गुडघ्याइतके. बंधाऱ्यामुळे नदीला पाणी होते. पलीकडच्या काठापर्यंत त्यांचाच ऊस उभा होता. त्यांनी मुखवटा खाली नेला. पाण्यापासून वीतभर अंतरावर त्यांचे हात थांबले.

थांबले ते थांबलेच.

"आबा, व्हा म्होरं," सुभेदार काठावरून म्हणाले.

"काका, तुमी या जरा. धरू लागा."

"मी? माझ्या गुडघ्याचं आपरेशन झालंय. पान्यात जायचं न्हाई म्हनून डाक्टरनं सांगितलंय."

"तुमी तर म्हनला अध्याय बोगस हाय!"

"बोगसच हाय. पर गुडघा खरा हाय."

काठावर हशा पिकू लागला. "राजवर्धन, तू ये रं. तुजी काय शेती न्हाई. तुला काय भ्या?"

"पप्पा, भीतीचा प्रश्नच नाही," चिरंजीव म्हणाले आणि भ्रमणध्वनी किंचित खाली आला. "पण आपण वाकडला प्लॉट घेतलाय ना, तिथे परवाच बोअर मारली. आत्ताच पाणी लागलंय. उगाच कशाला?"

"गुरुजी," पाटील प्राध्यापकांना म्हणाले, "तुमी?"

"मी आनंदाने उतरलो असतो," प्राध्यापक म्हणाले. "पण मी नांगराच्या घरचा नव्हे. मला तिसरा अध्याय आडवा येतो. आणि माझी दोन्ही मुलं परदेशात असतात." विरोध हा आभास असतो, असे काल सांगणारे हेच मुख. आता ते छत्रीच्या सावलीत दोन पावले मागे सरकले.

तेव्हा पाटलांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा आवाज सभेतला नव्हता. "शास्त्रीबुवा, तुमी सांगा. कुनाचं नगं, तुमचं सांगा. सातव्यातला शाप लागतो का न्हाई लागत?"

घाटावर एवढी माणसे असून नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. लीलाबाई माझ्याकडे पाहत नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती, आणि तिच्या काखेतले पातळ घसरून पायरीवर पडले होते.

"पाटील," मी म्हणालो, "दोन्ही अध्याय सारख्या बळाचे आहेत. तिसऱ्यातला शाप तुम्ही खरा मानता का?"

"त्यो खराच हाय! त्यात काय इचारायचं?"

"मग मी निराळे काय सांगू?"

पाटील पाण्यातून मागे आले. येताना त्यांनी मुखवटा छातीशी असा धरला होता, की जणू देवीनेच त्यांना धरून आणले आहे. काठावर त्यांनी जाहीर केले, "यंदा मला सुतक हाय."

"कुनाचं हो, आबा?" आकारामने विचारले.

"लांबचं हाय."

सकाळपासून पालखीचा पुढचा खांदा देणाऱ्या मनुष्याला सुतक, आणि ते त्याला गुडघाभर पाण्यात आठवले. पण गावाने सुटकेचा श्वास सोडला. सुतक म्हटल्यावर सगळे जागच्या जागी बसले. ठराव खरा राहिला, अध्याय बोगस राहिला आणि ऊस हिरवा राहिला.

"यंदापुरतं तूच धू, मावशे," पाटील म्हणाले. "यंदापुरतंच हां."

"व्हय, यंदापुरतंच," लीलाबाई पायऱ्या उतरत म्हणाली. "माझी सासूबी यंदापुरतंच धुयाची."

तिने मुखवटा घेतला. ज्या हाताला तिसऱ्या अध्यायाने मनाई केली आहे, त्या हाताने तिने देवीच्या कपाळावरचे कुंकू पुसले, आणि कमरेइतक्या पाण्यात जाऊन तिला तीन वेळा बुडविले. तिच्या मागे कोणताही शाप उभा नव्हता, हे तिला ठाऊक होते. काठावरच्या एकालाही ठाऊक नव्हते. प्राध्यापक भ्रमणध्वनीसमोर उभे राहून सांगत होते, की याचेच नाव समन्वय.

ती ओल्या लुगड्याने वर आली आणि वाटी घेऊन तीर्थ देऊ लागली. माझ्यापाशी येऊन थांबली, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "काल मला येक सांगितलं आनि आज त्यास्नी येक. तुमच्यातबी दोन अध्याय हायत की, शास्त्रीबुवा."

मी उजवा तळहात पुढे केला. तिने त्यावर पळीभर पाणी घातले, आणि ते मी घेतले.